मियाटाच्या डिकीतली हलकी बॅटरी : ओडिसी पीसी-६८०, लिथियम की मूळ मापाची एजीएम?

माझदा एमएक्स-५ हिलाच मियाटा म्हणतात. तिच्या पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे १९८९ ते १९९७ ची एनए आणि १९९८ ते २००५ ची एनबी. या गाड्यांची बॅटरी बदलायची वेळ आली की पर्याय तीन उरतात. मूळ मापाची एजीएम, म्हणजे काचेच्या तंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेली शिशाची सीलबंद बॅटरी, वजन सुमारे ११ किलो. ओडिसी पीसी-६८०, वजन ७ किलो. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट, जिची छोटी मापं अडीच किलोंच्या आत भरतात. रोज किंवा दिवसाआड चालणाऱ्या गाडीला आमची पसंती पीसी-६८० ला आहे. गाडी महिना-महिना कव्हरखाली राहत असेल आणि पार्किंगमध्ये प्लग नसेल, तर मूळ मापाचीच घ्यावी. लिथियम उत्तम, पण ज्याच्याकडे मल्टिमीटर आणि लिथियमसाठीचा चार्जर दोन्ही आहेत आणि जो ते खरोखर वापरतो, त्यानेच तिच्या वाटेला जावं.

हलकी बॅटरी घेताना बहुतेक जण वजन आणि सीसीए हे दोनच आकडे बघतात. सीसीए म्हणजे उणे १८ अंश तापमानात बॅटरी ३० सेकंद किती करंट देऊ शकते त्याचं माप. पण दीड-पावणेदोन लिटरचं पेट्रोल इंजिन फिरवायला फारसं काही लागत नाही. स्टार्टर साधारण १५० अँपिअर ओढतो आणि ठीकठाक इंजिन दोन सेकंदांत सुरू होतं. हिशेब केला तर ०.०८ अँपिअर-तास, म्हणजे १६ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला अर्धा टक्का. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, तो मिनिटाभरात भरून काढतो. छोट्या बॅटरीचा जीव सेल मारताना जात नाही, गाडी उभी असताना जातो. म्हणून दुकानात जाण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: गाडी सलग किती दिवस चालू न होता उभी राहते?

गाडी बंद असतानाही घड्याळ, रेडिओची मेमरी, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि अलार्म थोडा थोडा करंट पीत असतात. मूळ वायरिंग असलेल्या एनएमध्ये हा खर्च २० मिलिअँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही असं धरलं, तर १६ अँपिअर-तासांची पीसी-६८० सोळा दिवस पुरते. ३० अँपिअर-तासांची मूळ मापाची बॅटरी महिनाभर. खऱ्या १२ अँपिअर-तासांची लिथियम पाचवा हिस्सा शिल्लक ठेवून वीस दिवस. आता गाडीत बाहेरचा अलार्म आणि नवा स्टिरिओ आहे आणि खर्च ५० मिलिअँपिअरवर गेला आहे असं समजा. तेच आकडे अनुक्रमे साडेसहा, साडेबारा आणि आठ दिवसांवर येतात. दोन वीकेंड पाऊस लागला, गाडी काढली नाही, आणि बॅटरी बसली. यात बॅटरीचा दोष नाही.

हा खर्च घरी मोजता येतो आणि बॅटरी मागवण्याआधीच मोजावा. किल्ली काढा, दरवाजे बंद करा, डिकीतला दिवा बल्ब काढून बाद करा. निगेटिव्ह केबल सोडवून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत ठेवून केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. लगेच दिसणारा आकडा खरा मानू नका, वीस-तीस मिनिटं थांबा, सगळं झोपी जाऊ द्या. आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढून बघा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडतो, त्या वाटेवर चोर आहे. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला स्टिरिओ किंवा अलार्मच निघतो. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

मियाटाचं मूळ दुखणं तिच्या बॅटरीच्या जागेत आहे. माझदाने ती डिकीत, उजव्या कोपऱ्यात, मागच्या चाकांच्याही मागे ठेवली. पुढचं-मागचं वजन समतोल राहावं हा हेतू. डिकी बंद जागा, म्हणून मूळ बॅटरी पॅनासॉनिकची सीलबंद एजीएम होती आणि तिचा वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या डिकीच्या तळातून खाली काढलेल्या होत्या. स्वस्त पडते म्हणून इथे साधी पाण्याची बॅटरी बसवणं हा या गाडीशी केलेला सगळ्यांत वाईट व्यवहार आहे. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन डिकीत साठतो आणि आम्लाची वाफ बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा खाते. जुनी मियाटा विकत घेताना ट्रेखाली बोट फिरवून बघावं, पांढरी पूड किंवा फुगलेला रंग सापडला की आधीच्या मालकाने काय केलं ते कळतं.

वजन उतरतं ते नेमकं गाडीच्या टोकाकडचं, आणि याचं मोल आहे. मागच्या ॲक्सलच्या मागचे चार किलो सीटखालच्या चार किलोंपेक्षा वळणावर जास्त जाणवतात. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत, म्हणजे जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधल्या, चालकही उजवीकडेच बसतो. त्यामुळे तिथे उजव्या कोपऱ्यातून गेलेलं वजन चार चाकांच्या समतोलालाही मदत करतं. अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत बॅटरी चालकाच्या वजनाला उलट बाजूने तोलत असते, तिथे हा फायदा नाही. आणि प्रमाणही लक्षात असू द्यावं. गाडीचं वजन हजार किलोंच्या आसपास. लिथियमने वाचणारे ९ किलो म्हणजे टाकीतलं १२ लिटर पेट्रोल. ट्रॅकवर जाताना टाकी अर्धी ठेवली तर त्याहून जास्त वजन फुकट वाचतं.

ओडिसी पीसी-६८०

एनरसिस या कंपनीची ही बॅटरी हलक्या गाड्या आणि घरी बांधलेली छोटी विमानं यांत वर्षानुवर्षं वापरली जाते. क्षमता १६ अँपिअर-तास, वजन ७ किलो, लांबी साडेअठरा सेंटिमीटर, रुंदी जेमतेम आठ. नावातला ६८० हा आकडा पाच सेकंदांच्या झटक्यात मिळणाऱ्या अँपिअरचा आहे. सीसीए फक्त १७०. दोन्ही आकडे खरे आहेत, मोजायची पद्धत वेगळी आहे, पण दुसऱ्या बॅटरीशी तुलना करायची तर १७० हाच धरावा. कॅलिफोर्निया, टेक्सास, इंग्लंड इथल्या हवेत तो पुरतो. हिवाळ्यात उणे २० पर्यंत पारा उतरतो अशा गावी गाडी रोज बाहेर उभी असेल तर पुरत नाही.

एवढ्याशा डब्यातून एवढा झटका निघतो तो प्लेटमुळे. पीसी-६८० मध्ये जवळपास शुद्ध शिशाच्या अतिशय पातळ प्लेट दाटीवाटीने बसवलेल्या आहेत, त्यामुळे आम्लाला लागून असलेलं क्षेत्रफळ जास्त आणि अंतर्गत रोध फक्त ७ मिलिओहम. आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, ते सांडत नाही. बॅटरी आडवी बसवली तरी चालते. त्याच रोधामुळे एक धोकाही आहे. टर्मिनलवर पाना आडवा पडला तर ही चिमुकली बॅटरी हजाराच्या वर अँपिअर सोडते, पाना जागीच वेल्ड होतो.

चार्जिंगच्या बाबतीत ती काटेकोर आहे. कंपनी १४.२ ते १४.७ व्होल्ट सांगते आणि एनएचा निरोगी अल्टरनेटर याच पट्ट्यात चालतो. पूर्ण भरून काही तास विसावलेली बॅटरी १२.८४ व्होल्ट किंवा जास्त दाखवते. १२.६ दिसलं तर साध्या बॅटरीच्या सवयीने «भरलेली आहे» म्हणू नका, ती बरीच खाली आहे. आणि उतरलेली बॅटरी परत आणायला एक-दीड अँपिअरचा छोटा मेंटेनर उपयोगाचा नाही. पातळ प्लेटना सुरुवातीला दमदार करंट लागतो, निदान ६ अँपिअरचा. मेंटेनर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी. «पीसी-६८० दोन वर्षांत गेली» अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा हीच गोष्ट असते: अर्धवट उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली, अशक्त चार्जरने कधीच पूर्ण भरली नाही, प्लेटवर सल्फेट घट्ट झालं. नीट भरत राहिली तर ती साध्या बॅटरीपेक्षा स्पष्टपणे जास्त टिकते.

धातूच्या आवरणाचीही एक आवृत्ती मिळते. ती इंजिनच्या उष्णतेजवळ ठेवायच्या बॅटरीसाठी आहे. मियाटाच्या डिकीत त्या आवरणासाठी जादा पैसे घालू नयेत.

लिथियम

पोर्शने नोव्हेंबर २००९ मध्ये ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर यांच्यासाठी लिथियम स्टार्टर बॅटरी जाहीर केली. वजन ६ किलोंच्या आत, ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा १० किलो कमी, क्षमता १८ अँपिअर-तास, जर्मनीत किंमत करासह १,९०४ युरो. आणि ती घेणाऱ्याला जोडीला नेहमीची बॅटरीही दिली जाई, कारण शून्याखालच्या तापमानात लिथियमची सेल मारायची ताकद मर्यादित होते असं कंपनीने स्वतःच सांगितलं होतं. लिथियम विकणाऱ्या प्रत्येकाने इतकं सरळ बोलावं.

पहिली अडचण आकड्यांची. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांवर क्षमता «शिशाच्या तुलनेत» छापलेली असते. शोराईच्या एलएफएक्स-३६ मधला ३६ हा तसला आकडा आहे. आत साठवलेली वीज त्याच्या साधारण तिसरा हिस्सा असते. सेल मारण्यापुरती ही तुलना समजण्यासारखी आहे, कारण लिथियम व्होल्टेज पडू न देता झटका देते. पण उभ्या गाडीत अलार्म जो करंट पितो, तो खऱ्या अँपिअर-तासांतूनच जातो. म्हणून लेबलवर वॉट-तास शोधा आणि १२.८ ने भागा. १५४ वॉट-तास म्हणजे १२ अँपिअर-तास, मग वर मोठ्या अक्षरांत काहीही लिहिलेलं असो. वॉट-तास कुठेच छापलेले नसतील तर ती बॅटरी घेऊ नये.

दुसरी अडचण व्होल्टेज वाचण्याची. बॅटरीच्या आत चार सेल, म्हणजे घट, एकामागे एक जोडलेले, प्रत्येक ३.२ व्होल्टचा. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १३.३ किंवा थोडी जास्त दाखवते. अर्धी असताना १३.१ च्या आसपास. १२.९ च्या खाली आली की पाचवा हिस्साही उरलेला नसतो, आणि त्यानंतर उतार एकदम तीव्र होतो. शिशाच्या बॅटरीला १२.८ म्हणजे आनंद; लिथियमला १२.८ म्हणजे आजच चार्जर लावा. मीटरवर दशांशाचा दुसरा आकडा वाचायची सवय नसेल तर ही बॅटरी न सांगता दगा देते.

अगदी तळाला गेली तर नुकसान कायमचं. सेलच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना त्याचे कण आत जोड तयार करतात. म्हणून चांगल्या लिथियम बॅटरीत बीएमएस असतो, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, जे व्होल्टेज फार खाली गेलं की बॅटरीची जोडणी आतूनच तोडतं. अँटिग्रॅव्हिटीच्या री-स्टार्ट बॅटऱ्यांमध्ये याचा छान उपयोग केला आहे: बॅटरी तळाला जाण्याआधी स्वतःला बंद करते, थोडी वीज राखून ठेवते आणि बटण दाबलं की त्या राखीव विजेवर सेल मारता येतो. ज्याच्या गाडीला जादा अलार्म आहे त्याने लिथियम घेतलीच तर अशा सोयीची घ्यावी. फक्त, इंजिन चालू झाल्यावर घरी परतू नये. निदान अर्धा-पाऊण तास चालवून बॅटरी भरू द्यावी.

मियाटात अशी आतून बंद झालेली बॅटरी फारसं अडवत नाही, कारण डिकी किल्लीने किंवा आतल्या तारेच्या लिव्हरने उघडते. ९११ वाल्यांचं तसं नाही. ९९७ पिढीत पुढचं झाकण विजेवर उघडतं आणि बॅटरी त्याच झाकणाखाली असते. बीएमएसने बॅटरी तोडली की आधी फ्यूज बॉक्समधलं ओढून काढायचं पॉझिटिव्ह टोक शोधून बाहेरून वीज द्यावी लागते, मग झाकण, मग बटण. तिथे री-स्टार्टचा रिमोट असलेला प्रकारच घ्यावा.

थंडीत लिथियमची चाल उलटी वाटते. पहाटे शून्याच्या आसपास पहिल्या प्रयत्नाला स्टार्टर मरगळलेला फिरतो. घाबरून चार्जर शोधू नका. हेडलाइट मिनिटभर लावून ठेवा, करंट वाहिला की सेल आतून गरम होतात आणि दुसरा-तिसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा जोरदार होतो. शिशाची बॅटरी याच्या नेमकं उलट वागते, प्रत्येक प्रयत्नाला मलूल होत जाते. मात्र शून्याखाली लिथियमला बाहेरून चार्ज करणं टाळा. थंड सेलमध्ये लिथियम आत मुरत नाही, धातू होऊन पृष्ठभागावर बसतो आणि क्षमता कायमची घटते.

चार्जर लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचाच हवा, १४.४ व्होल्टवर थांबणारा. शिशाच्या चार्जरमधला सल्फेट झाडण्याचा टप्पा १५-१६ व्होल्टचे ठोके देतो. बीएमएस असला तर तो बॅटरी तोडेल, नसला तर सेल फुगतील. तसंच पूर्ण उतरलेली लिथियम जंपर केबलने सुरू करून अल्टरनेटरवर भरू नका. रोध इतका कमी की ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि जुन्या एनएचा छोटा अल्टरनेटर सतत पूर्ण भारावर तापत राहतो.

हिवाळाभर गाडी बंद ठेवणाऱ्यांसाठी लिथियमची एक बाजू मात्र खरोखर भक्कम आहे. निगेटिव्ह केबल काढून ठेवली तर ती महिनोन्‌महिने जवळपास जशीच्या तशी राहते, तिचा आपोआप होणारा ऱ्हास अगदी किरकोळ. केबल काढायला दहाचा पाना पुरतो. त्याऐवजी निगेटिव्हवर पितळी फिरकी-स्विच बसवला तर पानाही नको. घड्याळ आणि रेडिओची मेमरी जाते, एवढीच किंमत. हा स्विच पीसी-६८० लाही तितकाच फायद्याचा आहे, आणि बॅटरीसोबत घ्यायची एकच वस्तू निवडायची तर आम्ही तोच निवडू.

मूळ मापाच्या एजीएमबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. नळ्या जोडायची सोय असलेली, मियाटासाठी म्हणून विकली जाणारी बॅटरी घ्या. ती ट्रेमध्ये नीट बसते, क्लॅम्पशी झगडा नाही, वीस पंचवीस दिवस गाडी विसरलात तरी इंजिन सुरू होतं. चार किलोंचा तोटा ज्याला वर्षातून एकदा ट्रॅकवर जाणवणार आहे, त्याने रोजची सोय सोडू नये.

बसवताना

नवी बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरा. गोदामात महिनोन्‌महिने पडलेली पीसी-६८० तशीच गाडीत घालून अल्टरनेटरवर सोडली तर ती कधीच पुरी भरत नाही. रात्रभर विसावू द्या, मीटर लावा, १२.८४ च्या खाली असेल तर परत करा. बसवल्यानंतर केलेल्या तक्रारीपेक्षा ही तक्रार दुकानदार पटकन मानतो.

निगेटिव्ह आधी सोडवा, मग पॉझिटिव्ह, जोडताना उलट. पीसी-६८० मूळ बॅटरीपेक्षा बरीच अरुंद आहे, मूळ आडवी पट्टी आणि हुक तिला धरत नाहीत. फोमचे तुकडे कोंबून किंवा सामान बांधायच्या पट्ट्याने आवळून काम भागवू नका. फोम दबतो, पट्टा सैल होतो आणि खड्ड्यात सात किलो उड्या मारायला लागतात. तिच्या मापाचा ॲल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा तयार ब्रॅकेट मिळतो, तो ट्रेला बोल्ट करा आणि बॅटरी खालच्या कडांतून घट्ट धरली जाते का ते हाताने हलवून बघा. वरची धातूची पट्टी पॉझिटिव्हपासून निदान दोन बोटं लांब हवी, आणि पॉझिटिव्हवर रबरी टोपी हवीच. डिकीत जॅक, पाना, स्टेपनी हे सगळं लोखंड मोकळं फिरत असतं.

टर्मिनलचा घोळ इथे हमखास होतो. मियाटाचे केबल-क्लॅम्प जपानी बारीक खांबांसाठी आहेत, पॉझिटिव्ह सुमारे १५ मिलिमीटर आणि निगेटिव्ह १३. पीसी-६८० ला खांबच नाहीत, एम-६ म्हणजे ६ मिलिमीटर बोल्टची भोकं आहेत. तिच्यासाठी मिळणारे पितळी खांब बहुधा युरोप-अमेरिकेच्या जाड मापाचे असतात, साडेसतरा आणि सोळा. क्लॅम्प स्क्रू-ड्रायव्हरने फाकवून बसवला तर तो दोन-तीन ठिकाणीच टेकतो, तापतो, आणि पुढे कधीतरी सेल मारताना नुसता टिक आवाज येतो. नीट करायचं तर क्लॅम्प कापून टाका, केबलला एम-६ भोकाचा तांब्याचा लग (केबलच्या टोकाची चपटी रिंग) हायड्रॉलिक क्रिंपने दाबून घ्या आणि तोच बोल्टने लावा. मुख्य केबलचा लग थेट टर्मिनललाच टेकला पाहिजे. स्टिरिओ-ॲम्पच्या बारीक रिंगा त्याच्या वर, आणि वॉशर सगळ्यांच्या वर. लग आणि टर्मिनलच्या मध्ये स्टीलचा वॉशर गेला की तिथे रोध वाढतो. बोल्टला साडेपाच न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरे. मनगटाचा जोर लावला की आतली आटी सुटते, आणि सुटलेल्या आटीला दुरुस्ती नाही.

जुन्या नळ्यांची भोकं बुजवू नका. पीसी-६८० ला नळी जोडायची सोय नाही, ती नेहमी वायू सोडतही नाही. पण अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे त्याचं व्होल्टेज आवरणारा भाग, बिघडून ती जादा चार्ज झाली तर तिची झडप उघडते, आणि त्या वायूला डिकीबाहेर वाट हवी.

मग मोजमाप. कुणालातरी सेल मारायला बसवा आणि मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे किंवा भरलेली नाही. आकडा चांगला राहूनही स्टार्टर रेंगाळत असेल तर दोष डिकीपासून पुढे जाणाऱ्या लांब केबलचा किंवा अर्थिंगच्या (निगेटिव्हच्या) जोडणीचा. निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनचा ब्लॉक यांमध्ये मीटर लावून पुन्हा सेल मारा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॅटरीची अर्थिंगची केबल बॉडीला जिथे बोल्ट केली आहे तिथला आणि इंजिन-बॉडी पट्टीचा गंज घासून काढा. मोठी बॅटरी असताना हे दोष झाकलेले असतात. हलकी घातली की उघडे पडतात आणि शिव्या नव्या बॅटरीला बसतात.

शेवटी इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, चार्जिंगचं व्होल्टेज बघा. एनएमध्ये रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटात आहे. एनबीमध्ये ते काम ईसीयू करतो, आणि इथे एक सापळा आहे. एनबीला बाहेरचा ईसीयू बसवला असेल आणि त्यात अल्टरनेटरचं नियंत्रण नीट जोडलेलं नसेल, तर व्होल्टेज १५ च्या वर जाऊ शकतं. पीसी-६८० त्यात वाळून मरते. लिथियमचा बीएमएस बॅटरी तोडतो, आणि चालत्या अल्टरनेटरसमोरून बॅटरी अचानक नाहीशी झाली की व्होल्टेजचा जो उसळा येतो तो ईसीयूलाच घेऊन जाऊ शकतो. अशा गाडीत ट्यूनिंग करणाऱ्याकडून आधी १४.२ ते १४.५ पक्कं करून घ्या, बॅटरी नंतर.

भारतातल्यांसाठी

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण हलक्या बॅटरीचा शोध पुण्या-मुंबईतही घेतला जातो आणि त्यात एक चूक वारंवार दिसते. यूपीएसमधली १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी बाहेरून पीसी-६८० एवढीच असते, लांबी १८ सेंटिमीटर, रुंदी साडेसात-आठ, वजनही सहा किलोंच्या घरात. किंमत मात्र कितीतरी कमी. मग ती गाडीत जाते. आतल्या प्लेट जाड आणि कमी आहेत, कारण तिचं काम मंद करंट बराच वेळ देण्याचं. शंभराच्या वर अँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं, तिच्या चपट्या टर्मिनलची पट्टी तापते आणि काही महिन्यांत बॅटरी फुगते. डबा सारखा असला तरी हे वेगळं यंत्र आहे.

उन्हाचाही विचार करावा. शिशाची बॅटरी सतत १० अंश जास्त तापमानात राहिली तर तिचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ढोबळ नियम आहे. विदर्भात मे महिन्यात बॉनेटखालची बॅटरी किती शिजते ते वेगळं सांगायला नको. म्हणून इथे बॉनेटखालची हलकी बॅटरी घ्यायची तर धातूच्या आवरणाच्या पीसी-६८० ला अर्थ आहे आणि मधे उष्णतारोधक पत्रा घालण्यालाही. नव्या बीएमडब्ल्यू किंवा पोर्शमध्ये मात्र निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, तो बॅटरीचं वय आणि क्षमता धरून चार्जिंग ठरवतो. तिथे नवी बॅटरी संगणकावर नोंदवल्याशिवाय बसवू नका, आणि पीसी-६८० तर मुळीच नको; त्या गाड्या उभ्या असताना जेवढी वीज पितात तेवढी तिच्यात नाही.

अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला लिथियम बॅटरी बॅगेतून आणायला सांगू नये. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही. १०० ते १६० वॉट-तासांची हातातल्या बॅगेत न्यायलाही विमान कंपनीची परवानगी लागते, आणि १६० च्या वरची प्रवासी सामानात कुठेच चालत नाही. २० अँपिअर-तासांची बॅटरी २५६ वॉट-तासांची होते. ती मालवाहतुकीने, धोकादायक मालाच्या कागदपत्रांसह येते, आणि तो खर्च किमतीत धरूनच तुलना करावी.